व्हायोला कोण ऐकतो?

प्रिय दत्तूभाऊ,

काल तुमची शोकसभा झाली. अँथनी सरांच्या क्लासमध्येच, रेल्वे लाइन्स भागातल्या त्याच खोलीत, जिथे आपण चौघं दर रविवारी सकाळी वाजवायला बसायचो. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या शाळेतून बाकं आणली होती. अध्यक्षांनी तुम्हाला ‘सोलापूरचे थोर व्हायोलिनवादक’ म्हटलं. सर खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, “व्हायोला. तो व्हायोला वाजवायचा.” अध्यक्ष म्हणाले, “तेच ते.” तुम्ही असतात तर किती हसला असतात!

मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले. “दत्तूभाऊ माझे...” एवढंच बोलले आणि पुढे शब्दच येईना. लोकांना वाटलं, बाईंना रडू कोसळलं. तेही होतंच. पण जे सांगायला हवं होतं ते चारचौघांत सांगायचं धैर्य नव्हतं, आणि ते सोडून दुसरं काहीही बोलले असते तर ते खोटं झालं असतं. म्हणून आज लिहायला बसले आहे. आधी तुम्हाला.

भाऊ, तुम्हाला ऑर्केस्ट्रातून काढलं ते बाबूशेठनी आपल्या मनाने नाही. त्यांनी मला विचारलं होतं. तुमचं नाव मी सांगितलं.

हे एवढं लिहायला चार वर्षं लागली. आता बाकीचं लिहिता येईल.

आपण पहिल्यांदा भेटलो ते दुष्काळाच्या वर्षी, आठवतं? तुम्ही मोडनिंबहून आला होतात. शेतात काही उरलं नव्हतं. गावच्या भजनात आणि पुढे एका नाटक कंपनीत व्हायोलिन वाजवलेलं, तेवढ्या भांडवलावर तुम्ही सरांच्या दारात उभे राहिलात. मी आधीपासून सरांकडे होते. माझे आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आलेले. ते हरिकथेला व्हायोलिन वाजवायचे, मांडी घालून, वाद्याचं टोक घोट्यावर टेकवून. मीही तशीच शिकले होते. तुम्ही आलात तेव्हा मी खाली बसून तशीच वाजवत होते. तुम्ही दारातच थबकलात.

“पायावर ठिवून वाजवायचं व्हय हे?” तुम्ही विचारलंत. “मग मी इतकी वर्सं उगंच मान वाकडी केली की!”

सर इतके हसले, की तुमची परीक्षा घ्यायचंच विसरले.

मग त्यांनी तुमच्या हातात ते दुसरं वाद्य दिलं. एका शाळेच्या अडगळीतून त्यांनी ते आणि एक चेलो, खुर्चीत बसून उभा धरून वाजवायचा तो मोठा, सोडवून आणला होता, आणि दोन्ही वाद्यं स्वतः दुरुस्त केली होती. सर म्हणाले, हा व्हायोला. व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, आवाज खालचा, जाड. तुम्ही तो हातात फिरवून बघितलात आणि म्हणालात, “म्हंजे व्हायोलिनची थोरली भैन की ही.” त्या दिवसापासून आम्ही सगळेच त्याला ‘थोरली’ म्हणायला लागलो. सरसुद्धा!

चेलो गेला करीमचाचांकडे. आयुष्यभर सारंगी वाजवलेला माणूस. सारंगीला कुणी बोलवेना, तेव्हा पन्नाशीत त्यांनी नवं वाद्य धरलं. त्यांच्याकडे बघून मला वाटायचं, आपल्याला कसली तक्रार करायचा हक्क आहे?

आपण चौघं बाबूशेठच्या फिल्मी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो. गड्ड्याच्या यात्रेत, गणपतीत, करमाळ्याच्या जत्रेत, टेंभुर्णीच्या मैदानात. पुढे गायक, त्यामागे अकॉर्डियन आणि ट्रंपेट, आणि पार मागे आपण. लोकांना आपण दिसायचो नाही, आणि ऐकू यायचो का, हा प्रश्नच होता. दिवसा शिकवण्या. सरांचा क्लास, माझ्या चार घरच्या मुली, तुमची बुधवार-शुक्रवारची मुलींची शाळा. असं सगळं धरून पोट भरायचं. आणि रविवारची सकाळ मात्र कुणाचीच नाही, फक्त आपली.

सर म्हणायचे, “बाय, गाणारा नको, तबला नको. चार तंतुवाद्यं पुरतात. चौघं बोलतात, चौघं ऐकतात.” त्यांच्याजवळ त्यांच्या वडिलांच्या काळातले परदेशी संगीताचे कागद होते. तुम्ही ती लिपी बघून म्हणालात, “ह्यो तर मुंगळ्यांचा मोर्चा हाय!” पण सहा महिन्यांत तुम्ही ती वाचायला शिकलात. तुमच्या कागदावरची किल्ली, म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी खूण, आमच्याहून वेगळी होती, म्हणजे आम्ही कुणी मदतही करू शकत नव्हतो. तुम्ही एकटे शिकलात. हे मी कधी तुम्हाला बोलून दाखवलं का? नाही. भाऊ, किती गोष्टी बोलायच्या राहिल्या!

सरांच्या मनात होतं, की सोलापुरात एक कार्यक्रम करायचा. फक्त आपण चौघं, एक संध्याकाळ. तीन वर्षं आपण त्याची तयारी करत होतो. दर वर्षी सर म्हणायचे, “अजून नाही.”

आणि मग शेठनी मुंबईहून तो इलेक्ट्रिक ऑर्गन आणला.

त्या दुपारचं सगळं मला आठवतं. शेठनी मला एकटीलाच ऑफिसात बोलावलं. टेबलावर चहा ठेवलेला होता, मी बसायच्या आधीच. म्हणाले, “सुलोचनाबाई, ऑर्गन आणि त्याचे स्पीकर मेटाडोरमध्ये घ्यायचे तर एक माणूस कमी करावा लागतो. सर तर पाहिजेतच. चाचांचा खालचा सूर ऑर्गनवाल्याला लागतो. राहिलात तुम्ही आणि दत्तू. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा.”

मी लगेच काही बोलले नाही, एवढं तरी माझ्या बाजूने लिहू दे. मला घर दिसत होतं. वडील गेल्यापासून माझे दोघे भाऊ एकच म्हणत होते, बाईमाणसाने गावोगाव फिरून वाजवायचं बंद कर. ऑर्केस्ट्रा सुटला तर दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर सूप येणार, सुपात तंबाखू आणि पानं, आणि मी आई-वहिनीच्या शेजारी बसून विड्या वळणार. मला विड्या वळणं हलकं वाटत नाही. माझ्या आईने त्यावर आम्हा सगळ्यांना वाढवलं. पण माझी बोटं एकदा त्यात गेली असती, की परत तारांवर आली नसती.

हे सगळं मी शेठना सांगू शकले असते. किंवा म्हणू शकले असते, की हा निर्णय माझा नाही, तुम्ही घ्या. यातलं काहीच केलं नाही. मी म्हणाले, “खरं सांगायचं तर फिल्मी गाण्यात व्हायोला कोण ऐकतो?”

शेठ म्हणाले, “बस. हेच मला हवं होतं.”

चहा मी प्यायले, भाऊ. पूर्ण कप.

दोन दिवसांनी तुम्ही खोली सोडून मोडनिंबला गेलात. बुधवारी आणि शुक्रवारी शाळेत शिकवायला यायचात आणि परस्पर यष्टी पकडायचात. रविवारी नाही. तीन रविवार आम्ही तिघांनी वाट बघितली. तिसऱ्या रविवारी सर म्हणाले, चला, तिघंच वाजवू, दत्तूची जागा मनात ऐका.

जो संथ भाग होता ना, ज्यात सर त्यांच्या व्हायोलिनवर वरचा एकच सूर लांबवतात आणि मी खाली त्याच त्याच चार सुरांची ये-जा करते, तो आम्ही सुरू केला. दहाव्या-बाराव्या मात्रेला मला कळेना, मी कुणाशी बोलते आहे. सर फार वर, चाचा फार खाली. मध्ये कुणीच नाही. चाचांनी गज खाली ठेवला.

“नै होता, सर,” ते म्हणाले. “मैं पाँव किदर रखूं?”

मी खाली मान घालून तार पुसत बसले. ‘व्हायोला कोण ऐकतो?’ मी ऐकत होते. तीन वर्षं, दर रविवारी, माझ्या उजव्या कानाने मी तुम्हालाच ऐकत होते आणि त्यावर माझे सूर टाकत होते. मला हे माहीतच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मी यष्टीत बसले. तुम्हाला सगळं सांगायचं, हे ठरवून.

तुम्ही अंगणात शेंगा फोडत बसला होतात, बियाण्यासाठी. मला बघून उठलात, हात धोतराला पुसलेत.

“ताई, तुमी? एकट्याच आलाव? सुगंधे, च्या टाक गं, सोलापूरच्या ताई आल्यात!”

मी तुमच्यासमोर पोत्यावर बसले. हाताला काही काम हवं म्हणून शेंगा फोडायला लागले. मग म्हणाले, “भाऊ, शेठबद्दल मला एक सांगायचं आहे. त्यांनी तुम्हाला काढलं ना, ते...”

तुम्ही मला पुढे बोलूच दिलं नाहीत.

“शेठचं बी खरंच हाय की, ताई. फिल्मी गान्यात व्हायोला कोन ऐकतंय?”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. अगदी माझंच वाक्य! मी तुमच्या तोंडाकडे बघितलं. तुम्ही खाली बघून शेंगा निवडत होतात, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी स्वतःची समजूत घातली, की असं वाक्य कुणालाही सुचेल. माणूस आपल्या सोयीचं किती पटकन मानतो ना!

मग तुम्हीच विचारलंत, “सरांच्या त्या तुकड्यात माझ्याबिगर अडतंय का?”

“अडतंय,” मी म्हणाले. “लई अडतंय.”

तुम्ही खो खो हसलात. “ताईच्या तोंडून ‘लई’! आता आलंच पायजे.”

पुढच्या रविवारी तुम्ही आलात. सरांनी काही विचारलं नाही. थोरलीच्या तारा त्यांनी आधीच जुळवून ठेवल्या होत्या. वाजवून झाल्यावर सर म्हणाले, “या महिन्यात करू कार्यक्रम.”

तो कार्यक्रम तुम्हाला तुमच्या तोंडाने सांगायला फार आवडायचा, म्हणून मी थोडक्यात लिहिते. शाळेचा हॉल, संध्याकाळचे सहा. साठ-सत्तर माणसं. आपल्या शिकवण्यांतल्या मुलींचे आईबाप, चाचांचे मोहल्ल्यातले दोस्त, गिरणीतून सुटून आलेले कामगार, आणि मागच्या रांगेत माझे दोन्ही भाऊ, आईला घेऊन. पहिला तुकडा संपला तर टाळ्या वाजवायच्या की नाही, हेच कुणाला कळेना. मग मागून कुणीतरी ओरडलं, “गाणं वाजवा की! गाणं कुटंय?”

सरांनी गज खाली घेतला. मी मनात म्हटलं, झालं. तुम्ही उठून उभे राहिलात, थोरली काखेत धरून.

“पावनं, गानं ह्यातच हाय की,” तुम्ही म्हणालात. “चार मान्सं पारावर बसल्यात असं समजा. एक बोलतंय, दुसरा व्हय म्हनतोय, तिसरा न्हाय म्हनतोय. कोन काय बोलतंय तेवढं ऐका. न्हाय कळलं तर मला इचारा, ह्येंना इचारू नका, मला बी निम्मंच कळतंय!”

सगळा हॉल हसला. आणि मग, भाऊ, ऐकायला लागला! संथ भागात तुमच्या त्या चार ओळी आल्या, जिथे बाकी तिघं हळू होतात आणि थोरली एकटी वर येते. मी माझे सूर इतके खाली आणले, की मलाच ऐकू येईनात. मला त्या ओळी लोकांना द्यायच्या होत्या. मागच्या रांगेत माझी आई ऐकत होती. तिला मराठी बोललेलंच निम्मं कळायचं, हे संगीत तर कुठून! घरी जाताना तिने तेलुगूत विचारलं, “ते मोठं व्हायोलिन वाजवणारा माणूस कोण? फार सोसलेला आवाज आहे.”

मी तिला तुमचं नाव सांगितलं. पुढचं नाही सांगितलं.

भावांनी त्यानंतर कधी मला वाजवायचं बंद कर म्हटलं नाही.

वर्षभरात शेठनी मलाही काढलं. ऑर्गनवाल्या पोराने दाखवून दिलं, की व्हायोलिनचा आवाजही एका खटक्यात निघतो. मला रडूसुद्धा आलं नाही. मनात आलं, न्याय झाला. तुम्हाला कळलं तसे तुम्ही घरी आलात, आईच्या हातचं ताक प्यायलात आणि म्हणालात, “बुधवारच्या पोरी तुमी घ्या, ताई. आन् शुक्रवारच्या बी. मला येरझारा हुत न्हाईत आता. मी गावातच शिकवतो पोरांना.”

मी नको नको म्हणाले. तुम्ही म्हणालात, “पोरींना बाई शिकवनारी बरी. हेडबाईंना सांगून आलोय बी.”

सांगून आला होतात! मला विचारायच्या आधीच! आज माझं जे घर चालतं ते त्या शाळेवर चालतं. मी तुमची जागा हिसकावली, आणि तुम्ही उरलेली जागाही आपण होऊन माझ्या हातात ठेवलीत.

आता थोडं भांडू दे. या गणपतीनंतर तुमचे डोळे पिवळे दिसले तेव्हा मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, धूळ गेली. चाचांनी विचारलं, त्यांना म्हणालात, जागरण. सरांना म्हणालात, पित्त. तिघांना तीन उत्तरं! गावात झाडपाला घेत राहिलात, आणि दवाखान्यात आलात तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. आम्ही काय परके होतो? दोन रविवार आला नाहीत, तेव्हा मी का नाही यष्टीत बसले? एकदा बसले होते ना! या वेळी मला वाटलं, सुगीचे दिवस आहेत. निरोप आला आणि मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

आणि आता कालचं.

सभा संपून लोक गेले. सर आणि चाचा बाकं पोचवायला गेले. सुगंधावहिनी खोलीत एकट्याच बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू विचारलं, “ताई, शेठला तुमी बोलला हुता, ते तुमी ह्येंस्नी कधी सांगितलंच न्हाय न्हवं?”

मी विचारलं, “त्यांना माहीत होतं?”

“त्याच दिशी. शेठच म्हनला, माझ्यावर राग धरू नगा, बाईच असं असं म्हनल्या. दोन दिस धड जेवले न्हाईत. तिसऱ्या दिशी म्हनले, ‘सुगंधे, मला शेत तरी हाय. तिला इड्या वळाय बसवली असती.’”

“आणि मी आले होते तेव्हा?”

“तवा मी चुलीपाशी हुते. समदं आयकत हुते. तुमी त्वांड उघडलं आन् ह्येनीच आडवलं. मी मागनं भांडले. म्हनलं, बोलू का दिलं न्हाय तिला? तर म्हनले, ‘बोलली असती, तर माज्या शेजारी बसून वाजवाय तिला जड गेलं असतं. समद्यांचंच वाजवनं बिगडलं असतं.’”

भाऊ, मी तुमच्यावर रागावू की तुमच्या पाया पडू? चार वर्षं तुम्ही माझ्या उजव्या हाताला बसलात. तुम्हाला माहीत होतं. ते तुमच्या एकाही सुरात आलं नाही! पण एक सांगू? तुम्ही मला वाचवलंत, आणि बोलायची संधीही घेतलीत. मी बोलले असते, तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्यात, मी रडले असते, वहिनींनी चहा दिला असता. मी तेवढं सोसू शकले असते असं तुम्हाला नाही वाटलं? की मी शेंगा फोडता फोडता गप्प झाले, तेव्हाच तुम्हाला कळलं, की नाही सोसणार?

कदाचित तुमचंच खरं. मी पुन्हा बोलू शकले असते. त्यानंतर किती रविवार आले! तुम्ही मला एकदाच अडवलंत. बाकीच्या वेळी मी स्वतःच थांबले.

वहिनींना मी विचारलं, “तुम्ही मला हे आज का सांगितलंत?” त्या पदर सावरत म्हणाल्या, “तुमी मघा बोलता बोलता थांबलाव. मला वाटलं, हिच्या गळ्यात काय अडकलंय ते मला ठावं हाय. एकटीनं किती दिस वागवायचं?” तुमच्या घरातली माणसं सगळी एकाच मातीची आहेत का हो?

भाऊ, तुम्हाला शब्द देते. येत्या रविवारी सर आणि करीमचाचांसमोर मी हे सगळं सांगणार आहे, यातलं एकही वाक्य न गाळता, चहाचा कपसुद्धा. ते रागावतील, कदाचित माझ्याबरोबर वाजवणार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे, या वेळी मी त्यांना अडवणार नाही. आणि यापुढे आयुष्यात कुणीही मला एकटीला आत बोलावून विचारलं, की दोघांतला कोण नको, तर मी उठेन, बाहेर जाईन, आणि त्या दुसऱ्या माणसाला हाताला धरून आत घेऊन येईन. मग विचारा म्हणेन, काय विचारायचं ते.

तुमची,
सुलोचना